दप्तर बिघडले, जमीन शाबूत

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी नांदविण्याची रीत आता केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपुष्टात आल्यानंतर, ज्यांची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत अशा गृहस्थांनाही, जुन्या प्रणालीला धक्का न लावता तिच्या शेजारी उबुंटू किंवा मिंट यांसारखे लिनक्स बसवून पाहण्याचा मोह व्हावा हे स्वाभाविकच आहे. असे यंत्र सुरू करताच प्रथम एक यादी येते, तीतून आपण त्या दिवसापुरती प्रणाली निवडतो आणि कामाला लागतो. आणि मग एके दिवशी, बहुधा विंडोजची एखादी मोठी सुधारणा रात्रीतून आपोआप बसल्यानंतरच्या सकाळी, ती यादी दिसेनाशी होते. यंत्र काहीएक न विचारता थेट विंडोजमध्ये शिरते. किंवा, याहून भयप्रद म्हणजे, काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटतात आणि त्यांच्यापुढे एक रेघ लुकलुकत राहते.

कोडे असे, की आदल्या रात्री कोणी एकही फाइल पुसलेली नसते, डिस्क हातातून पडलेली नसते, तरीही शेकडो छायाचित्रे, प्रबंधाचा मसुदा आणि सोसायटीचे हिशेब यांसह एक सबंध प्रणाली अंतर्धान पावते. शेजारचा जाणकार 'फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका' असा सल्ला देऊन मोकळा होतो. माझ्या मते या क्षेत्रातील खरे नुकसान जितके बिघाडाने होते, त्याहून अधिक या एका सल्ल्याने होते.

शेतजमिनीचा संबंध असलेल्या कोणालाही यातील मर्म चटकन उमगेल. सातबाऱ्यावरचे नाव चुकले, गट नंबरात घोळ झाला किंवा फेरफाराची नोंद भलत्याच इसमाच्या नावे पडली, तर कचेरीच्या लेखी मूळ मालकाची जमीन नाहीशी होते. पण बांधावर जाऊन पाहावे, तर ज्वारी जागच्या जागी डोलत असते. दोन प्रणालींच्या संगणकात होणारा बिघाड दहांपैकी नऊ वेळा या जातीचा, म्हणजे दप्तराचा असतो. दुरुस्त करावयाची ती नोंद. जमीन नांगरून टाकण्याचे काहीच कारण नसते.

यंत्राला काय ठाऊक असते?

वीज मिळताच मुख्य पटलावरील एका चिपेत साठविलेला फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला विंडोज ठाऊक नसते आणि लिनक्सही ठाऊक नसते. मेमरी, कळफलक, पडदा आणि डिस्क यांची हजेरी घ्यावी, आणि मग डिस्कवरील एका ठरावीक ठिकाणी लिहिलेला हुकूम वाचून त्याच्या हाती कारभार सोपवावा, एवढाच त्याचा अधिकार. तो हुकूम म्हणजे बूटलोडर. लिनक्सच्या जगात हे काम बहुतेक ठिकाणी एरिक बोलिन यांनी १९९५ साली आरंभिलेला 'ग्रब' करतो. प्रारंभीची ती यादी दाखवितो तोच. आपण निवड केली, की लिनक्स असेल तर ग्रब त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून त्याला चालना देतो, आणि विंडोज असेल तर विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरकडे प्रकरण वर्ग करून बाजूला होतो.

या सर्व व्यवहारात प्रत्येकाला केवळ आपल्या पुढच्याचा पत्ता माहीत असतो. त्यामुळे मध्येच कोठे एक पत्ता चुकला, की त्यापलीकडचे सारे, सुरक्षित असूनही, अगम्य होऊन बसते.

५१२ बाइटांचे दप्तर

हा पत्ता कोठे लिहावयाचा याच्या दोन पद्धती आहेत, आणि आपल्या यंत्रावर कोणती आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती अनेकदा मूळ बिघाडाहून महाग पडते.

जुनी पद्धत १९८३ सालच्या पीसी डॉस २.० बरोबर आली. तीत डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा, ज्याला मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणतात, हेच गावचे संपूर्ण दप्तर. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या हुकुमासाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांची म्हणजे पार्टिशनांची नोंद ठेवण्यासाठी आणि उरलेले २ बाइट हे दप्तर अस्सल आहे हे सांगणाऱ्या खुणेसाठी. एका विभागाची नोंद १६ बाइटांची, सबब मुख्य विभाग चारच. आणि हद्दीचे आकडे लिहिण्यास जागाच अपुरी असल्यामुळे सुमारे २ टेराबाइटांपलीकडची डिस्क या दप्तरात मावतच नाही.

या व्यवस्थेतील कलहाचे मूळ उघड आहे. हुकुमाची जागा एकच आणि दावेदार दोन. लिनक्स नंतर बसविले तर त्याचा ग्रब त्या ४४६ बाइटांत आपला हुकूम लिहितो, पण शेजाऱ्याची वहिवाट मान्य करून विंडोजचे नाव यादीत ठेवतो. विंडोज नंतर किंवा पुन्हा बसविले, तर ते कोणाची विचारपूस न करता ती जागा आपल्या नावे करून घेते आणि त्याच्या यादीत लिनक्सचा मागमूसही राहत नाही. म्हणूनच आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम जाणकार सांगत आले आहेत.

'ग्रब रेस्क्यू'चे रहस्यही येथेच आहे. ४४६ बाइटांत ग्रबचा सारा संसार मावणे शक्य नाही. म्हणून त्याचा दुसरा भाग एमबीआर आणि पहिला विभाग यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत राहतो, आणि यादी व बाकीचे साहित्य लिनक्सच्या विभागातील एका फोल्डरात असते. आता समजा, लिनक्स नकोसे झाले म्हणून कोणी विंडोजमधून तो विभाग पुसून टाकला. पुसणाऱ्याची समजूत अशी, की प्रकरण मिटले. परंतु हुकूम अद्याप ग्रबचाच असतो. तो दुसऱ्या सकाळी नेमाने जागा होतो, आपले साहित्य शोधतो, ते सापडत नाही, आणि मग जवळ असतील तेवढ्या तुटपुंज्या अधिकारांनिशी वापरणाऱ्याच्या हुकुमाची वाट पाहत थांबतो. विभाग पुसलेला नसून केवळ त्याचा क्रमांक बदलला असेल, तर त्या काळ्या पडद्यावरच 'एलएस' या आज्ञेने विभाग पाहावेत, कोणत्या विभागात ग्रबचा फोल्डर आहे ते हुडकावे, 'सेट' आज्ञेने 'रूट' आणि 'प्रिफिक्स' ही दोन ठिकाणे सांगावीत, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल' असे लिहावे, की यादी पुन्हा अवतरते. हा इलाज त्या एका वेळेपुरताच असतो. नोंद कायम करण्याचे काम पुढे उरतेच.

नवी व्यवस्था

गेल्या दहा-बारा वर्षांत विकत घेतलेल्या बहुतेक यंत्रांवर यूईएफआय नावाची नवी पद्धत असते. तीत हुकुमासाठी डिस्कवर एक स्वतंत्र छोटा विभाग राखून ठेवलेला असतो, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नाही, म्हणून तो सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. आत विंडोजचा फोल्डर वेगळा आणि उबुंटूचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या जागेत लिहिण्याचे प्रयोजनच नाही. शिवाय यांपैकी कोणाचा हुकूम प्रथम वाचावयाचा याची क्रमवार यादी फर्मवेअर डिस्कवर न ठेवता मुख्य पटलावरील आपल्या खाजगी स्मृतीत ठेवते.

कज्जा मात्र संपला नाही. त्याचे ठिकाण बदलले, इतकेच. पूर्वी हुकूम पुसला जाई. आता तो आपल्या फोल्डरात सुखरूप असतो आणि फक्त यादीतील क्रम खालीवर होतो. विंडोज नव्याने बसविले, किंवा तिची मोठी सुधारणा झाली, की ती आपले नाव प्रथम स्थानी आणून ठेवू शकते. फर्मवेअरची नवी आवृत्ती घातली की कधी कधी ही यादीच कोरी होते. तेव्हा यंत्र थेट विंडोजमध्ये शिरू लागले, तर कोणतेही औषध देण्यापूर्वी सुरू होतानाच फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जावे (त्याची कळ एफ२, डिलीट किंवा आणखी एखादी, बनावटीप्रमाणे निराळी असते) आणि बूट-क्रमात उबुंटूचे नाव आहे का ते पाहावे. असल्यास ते वर सरकवावे. काम तेवढ्यावर भागते, आणि ते भागल्यावर आपण रात्रभर उगाच जागलो याचा थोडा रागही येतो.

अस्सलपणाचा शिक्का

२०१२ साली विंडोज ८ बरोबर घरगुती यंत्रांवर सिक्युअर बूट नावाची पहाऱ्याची व्यवस्था रूढ झाली. ज्या बूटलोडरवर मान्यताप्राप्त सही नाही त्याला फर्मवेअरने चालूच द्यावयाचे नाही, असा हा दंडक. हेतू असा, की प्रणाली जागी होण्यापूर्वीच एखाद्या उपद्रवी प्रोग्रॅमने कारभार बळकावू नये. बहुतेक फर्मवेअरला मायक्रोसॉफ्टची सही ओळखता येते. म्हणून लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. फर्मवेअर शिमची खातरजमा करते, शिम ग्रबची करतो, आणि ग्रब कर्नलची.

ग्रबच्या एखाद्या जुन्या आवृत्तीत दोष आढळला, तर तिला दिलेली मान्यता रद्द करण्याचीही तजवीज असावी लागते. पूर्वी प्रत्येक दोषी प्रोग्रॅमची ओळख एकेक करून काळ्या यादीत चढवीत असत. परंतु २०२० साली 'बूटहोल' नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा ती यादी इतकी फुगण्याचा प्रसंग आला, की फर्मवेअरची स्मृतीच अपुरी पडू लागली. त्यावर एसबॅट हा उपाय निघाला. प्रत्येक घटकाला पिढीचा क्रमांक द्यावयाचा, आणि 'अमुक पिढीच्या आधीचे सारे अमान्य' असा एकच हुकूम काढावयाचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या मासिक सुधारणेने हाच हुकूम काढला. दोन प्रणालींच्या यंत्रांना तो लागू होऊ नये असा मायक्रोसॉफ्टचा इरादा होता, पण अशी यंत्रे ओळखण्याची रीत तोकडी पडली, आणि जुनी आवृत्ती वापरणाऱ्या कित्येकांच्या पडद्यावर 'काहीतरी गंभीरपणे बिघडले आहे' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर उमटून यंत्र बंद पडू लागले. इलाज असा निघाला, की फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करावे, 'मोकयूटिल' या आज्ञेने एसबॅटचे धोरण रद्द करून यंत्र पुन्हा सुरू करावे, शिम आणि ग्रब यांच्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात, आणि मगच पहारा पूर्ववत बसवावा. पहारा कायमचा उठविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला आळसाचा वाटतो.

चौकट : हात लावण्यापूर्वी

विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या यंत्रांवर डिस्क बिटलॉकरने आपोआप कूटबद्ध झालेली असते. सिक्युअर बूट बंद करताच किंवा बूटच्या मार्गात फेरबदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर विंडोजमधील सारे काही खरोखरच गमावते. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावी. दुसरे असे, की महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. यंत्र सुरू होत नसतानाही हे साधते; ते कसे, हे पुढे येईलच.

नोंद दुरुस्त करण्याचा क्रम

बूट-क्रम बदलूनही लिनक्सचा पत्ता लागत नसेल, तर ग्रब पुन्हा बसवावा लागतो. आणि जी प्रणाली सुरूच होत नाही तिच्या आत बसून हे करावयाचे कसे, अशी अडचण येथे उभी राहते. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या संगणकावर उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि आपले यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'वापरून पाहा' हा पर्याय निवडावा. असे सुरू झालेले लिनक्स, ज्याला लाइव्ह म्हणतात, आपल्या डिस्कवर आपण होऊन काहीही लिहीत नाही. मात्र डिस्कवरील फाइली ते दाखवू शकते. घाबरलेल्या माणसाने या टप्प्यावर प्रथम आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे उघडून पाहावीत. ती दिसतात, आणि अर्धे दुखणे तेथेच बरे होते. बाहेरच्या डिस्कवर प्रती काढण्याची वेळ हीच.

पेनड्राइव्ह सुरू करतानाच एक खबरदारी घ्यावी लागते. बूटच्या यादीत तोच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोन नावांनी दिसतो, एक यूईएफआय असे लिहिलेला आणि एक नुसता. डिस्कवरील प्रणाली यूईएफआय पद्धतीची असेल तर पेनड्राइव्हही त्याच नावाने सुरू केला पाहिजे. अन्यथा ग्रब जुन्या पद्धतीने एमबीआरमध्ये जाऊन बसतो आणि दुरुस्ती निर्धोक पार पडल्याचा आभास होऊनही यंत्र होते तसेच राहते. आपण कोणत्या पद्धतीने आत आलो याचा निवाडा सोपा आहे: 'सिस' फोल्डरातील 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुनी.

यानंतर 'एलएसबीएलके' या आज्ञेने डिस्कवरील विभागांची यादी काढावी. मोठा ईएक्सटी४ विभाग तो बहुधा लिनक्सचा, एनटीएफएस ते विंडोजचे, आणि काहीशे मेगाबाइटांचा फॅट३२ तो ईएफआय विभाग. लिनक्सचा विभाग 'एमएनटी' फोल्डरात जोडावा. त्यातील 'बूट' आणि त्याच्या आतील 'ईएफआय' या जागी तो छोटा विभाग जोडावा. चालू यंत्राची माहिती देणारे 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' हे फोल्डरही तेथे जोडून द्यावेत. मग येते 'सीएचरूट' ही आज्ञा. तिचा अर्थ असा, की यापुढे मी देईन ती प्रत्येक आज्ञा पेनड्राइव्हवरील लिनक्सला उद्देशून नसून डिस्कवरील माझ्या मूळ प्रणालीला उद्देशून आहे असे समजावे. तलाठ्याची कचेरी बंद असताना शेजारच्या गावच्या कचेरीत बसून, पण आपल्याच गावच्या वहीत फेरफार लिहावा, असा हा प्रकार आहे.

आता 'ग्रब-इन्स्टॉल' म्हटले, की ग्रबच्या फाइली आपल्या जागी पुन्हा मांडल्या जातात आणि फर्मवेअरच्या यादीत त्याचे नाव रुजू होते; 'अपडेट-ग्रब' म्हटले, की प्रारंभीची यादी नव्याने तयार होते. येथे पुष्कळांची निराशा होते, कारण यादीत लिनक्स येते पण विंडोज येत नाही. दोष आपला नसतो. डिस्कवर इतर प्रणाली हुडकून काढणारा 'ओएस-प्रोबर' हा प्रोग्रॅम प्रत्येक विभाग उघडून पाहतो, आणि असे उघडणे सुरक्षिततेच्या दृष्टीने बरे नव्हे असे ठरवून २०२१ सालच्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवण्यात आला आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या नावापुढे 'फॉल्स' लिहून 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवावे.

हे सारे आपोआप करणारा 'बूट-रिपेअर' नावाचा प्रोग्रॅमही उपलब्ध आहे आणि पुष्कळ वेळा तो यशस्वी होतो. त्याचा अहवाल मात्र न वाचता बंद करू नये. काम फसल्यास पुढच्या जाणकाराला त्यातूनच खरी परिस्थिती कळते.

विंडोजच नाहीसे झाले तर

उलट प्रकार क्वचित घडतो. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या विभागात जावे आणि आज्ञांची खिडकी उघडावी. यूईएफआय यंत्रावर 'डिस्कपार्ट'ने ईएफआय विभागाला एखादे अक्षर द्यावे आणि 'बीसीडीबूट'ने विंडोजच्या बूट-फाइली तेथे पुन्हा लिहवून घ्याव्यात. 'बूटरेक'ची 'फिक्सएमबीआर' ही आज्ञा जुन्या पद्धतीच्या यंत्रांसाठी आहे; यूईएफआयवर तिचा उपयोग नाही, तरी ती उपायांच्या यादीत हटकून आढळते.

दप्तरच जळाले तर

विभागांची नोंदच नष्ट झाली, तर प्रसंग बिकट खरा, पण तरीही जमीन जागेवरच असते. यूईएफआयबरोबर आलेल्या जीपीटी या नव्या दप्तराची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी अगदी शेवटी ठेवलेली असते, आणि नोंद खरी की बिघडलेली हे पडताळण्यासाठी बेरजेची खूणही असते. सबब एक प्रत गेली तर दुसरीवरून ती उभी करता येते. दोन्ही गेल्या, तर 'टेस्टडिस्क' हा मोफत प्रोग्रॅम डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळतो, प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला असणाऱ्या खुणा ओळखतो आणि त्यांवरून हद्दी पुन्हा आखतो. मोजणीदाराने जुने दगड शोधून शिवार मोजावे तसा. यासाठी एकच अट आहे: नोंद गेल्यानंतर त्या जागेवर नवे काही लिहिलेले नसावे. फॉरमॅटचा सल्ला या ठिकाणी घातक ठरतो तो यामुळेच.

साडेपाच तासांचा घोळ

दुरुस्ती झाल्यावर दोन बारीक कटकटी उरतात. पहिली, लिनक्समधून विंडोजच्या विभागात काही लिहिता येत नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप'ची सोय आहे. तीमुळे 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद न होता आपला गाभा डिस्कवर निजवून ठेवते आणि विभाग आपल्याच ताब्यात राखते. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र ती खरोखर पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होते. लिनक्समध्ये जाताना हाच पर्याय वापरावा, किंवा विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमधून ही सोय बंद करून टाकावी.

दुसरी कटकट घड्याळाची. मुख्य पटलावरील बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातील वेळ विंडोज स्थानिक मानते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ मानते. म्हणून संध्याकाळी ७ वाजता लिनक्स बंद करून विंडोजमध्ये जावे, तर घड्याळ दुपारचे १:३० दाखविते. उलट प्रवासात लिनक्स आपल्याला मध्यरात्रीपलीकडे, १२:३० ला नेऊन सोडते. इंटरनेट मिळाले की चूक थोड्या वेळात सुधारते, पण तोवर नव्या फाइलींवर भलतीच वेळ पडते. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने 'सेट-लोकल-आरटीसी' हे १ केले, की दोघांचे एकमत होते. असे करू नये असा इशारा ती आज्ञा स्वतःच देते, कारण उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकविणाऱ्या देशांत यातून घोटाळे उद्भवतात. भारतात वर्षभर एकच वेळ चालत असल्यामुळे आपण तो इशारा वाचून खुशाल पुढे जावे.